फुटलेलं धरण, पांगलेल्या टोळ्या: हातिमताईच्या लोकांपासून आपल्या ठाण्यापर्यंत

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी मसुदा. बोलताना जे इकडेतिकडे पसरतं ते जरा आवरून, पण बोलण्याची चाल शक्य तितकी तशीच ठेवून लिहिलं आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं, त्यांच्यासाठी.

प्रश्न आला होता एका श्रोत्याकडून. "आद, समूद, सबा, तय्य अशा जुन्या अरब टोळ्यांची नावं ऐकतो. हे लोक मुळात कोण? आले कुठून? आणि गेले कुठे?" प्रश्न साधा दिसतो, पण त्यात तीन प्रश्न आहेत. आले कुठून, हे सांगणारी परंपरा आहे. ते खरंच तसं होतं का, हे सांगणारे शिलालेख आहेत. आणि गेले कुठे, याचं उत्तर शोधायला निघालं की माणूस अरबस्तानातून निघून थेट आपल्या ठाणे-पालघरच्या किनाऱ्यावर येऊन पोचतो. म्हणून हा भाग आपल्यासाठी घरचा आहे.

आधी धरणाची गोष्ट

उल्हासनगर आणि आसपासच्या पट्ट्यात नळाला पाणी आलं की त्यात बऱ्याचदा बारवीचं पाणी असतं. उल्हासला मिळणाऱ्या बारवी नदीवरचं हे धरण एमआयडीसीनं बांधलं, 1972 च्या सुमारास पहिला टप्पा पुरा झाला, आणि मग गरज वाढेल तशी उंची वाढवत नेली. वाढीव उंचीपर्यंत पाणी साठवायला मात्र 2019 उजाडावं लागलं, कारण मुरबाड तालुक्यातल्या तोंडलीसारख्या गावांचं आणि आदिवासी पाड्यांचं पुनर्वसन अडकून पडलं होतं. म्हणजे धरण भरलं की गाव उठतं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

अरबांच्या आठवणीतली सगळ्यात मोठी गोष्ट याच्या उलट आहे. तिथं धरण फुटलं, आणि गावं उठली.

येमेनमध्ये मारिब नावाचं गाव आहे. ही सबा राज्याची राजधानी. बायबलमधली शेबाची राणी ऐकली असेल, ती या राज्याशी जोडली जाते. मारिबजवळ वादी धना नावाची एक पावसाळी नदी डोंगरातल्या अरुंद तोंडातून बाहेर पडते. वर्षातून दोनदा पूर येतो, बाकी वर्षभर कोरडी. सबाच्या लोकांनी इसवीसनापूर्वी आठव्या शतकाच्या आसपास या तोंडावर सुमारे सहाशे मीटर लांबीचा मातीचा बांध घातला आणि दोन्ही टोकांना दगडी मोऱ्या बांधल्या. इथं एक गोष्ट लक्षात घ्या. बारवीसारखं पाणी साठवून वर्षभर पुरवायचं, असा या बांधाचा हेतू नव्हता. पुराचं पाणी अडवून त्याची पातळी वर आणायची आणि दोन्ही बाजूंच्या कालव्यांतून ते शेतात सोडायचं, एवढंच काम. पण त्यावर हजारो हेक्टर जमीन भिजत होती आणि एक अख्खं राज्य उभं होतं.

अशा बांधाला एक रोग असतो, तो म्हणजे गाळ. पूर गाळ आणतो, शेतं वर वर येत जातात, मग बांधही उंच करावा लागतो. उंच केला की दाब वाढतो, दाब वाढला की फुटतो. मारिबचा बांध अनेकदा फुटला आणि अनेकदा दुरुस्त झाला. इसवीसन 548 चा एक मोठा शिलालेख तिथं आहे. येमेनवर तेव्हा अब्रहा नावाचा, मूळचा इथिओपियाचा ख्रिस्ती राजा होता. त्यानं दुरुस्ती केली, आणि मजुरांना किती पीठ, किती खजूर, किती मांस पुरवलं याचा हिशोबही दगडावर कोरून ठेवला. त्यानंतर काही दशकांत, साधारण 570 च्या दशकात, बांध जो गेला तो गेलाच. कुराणाच्या 34व्या अध्यायाचं नावच 'सबा' आहे आणि त्यात या महापुराचा उल्लेख येतो.

परंपरा सांगते की धरण फुटल्यावर टोळ्या पांगल्या. अझ्द टोळीतले काही ओमानला गेले, गस्सान सीरियाकडे, औस आणि खझरज यस्रिबला, म्हणजे पुढच्या मदिनेला, आणि खुझाआ मक्केकडे. अरबीत आजही एखादा समुदाय चहूकडे विखुरला की त्याला सबाच्या लोकांची उपमा देतात.

आता इतिहासकार काय म्हणतात? हे सगळे एका दिवशी निघाले नाहीत. यातल्या बऱ्याच टोळ्या शेवटच्या फुटीच्या कितीतरी आधी उत्तरेत नांदत होत्या. मारिबची खरी घसरण धूपाचा व्यापार उंटांच्या वाटेवरून समुद्राकडे वळला तेव्हाच सुरू झाली होती. पण शे-दोनशे-तीनशे वर्षांत हळूहळू झालेली पांगापांग लोकांच्या लक्षात राहत नाही. एक फुटलेलं धरण राहतं. 

वंशावळ सांगते ती गोष्ट

पुढे इस्लामच्या पहिल्या शतकांत अरब विद्वानांनी टोळ्यांच्या वंशावळी पद्धतशीर लिहून काढल्या. आपल्याकडे गेल्या शतकात घराण्यांचे कुलवृत्तांत निघाले ना, तसंच काम, फक्त अख्ख्या समाजाचं. नवव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेला कूफा शहराचा हिशाम इब्न अल-कल्बी हा यातला मोठा माणूस. या वंशावळीत अरबांचे तीन गट पडतात.

पहिला गट नष्ट झालेल्यांचा: आद, समूद, तस्म, जदीस. दुसरा 'मूळ' अरबांचा. हे दक्षिणेतले, येमेनचे, कहतान नावाच्या पूर्वजाचे वंशज. तिसरा 'अरब झालेल्यांचा'. हे उत्तरेतले, अदनानचे वंशज, आणि अदनान इस्माईलच्या वंशातला. पैगंबरांची कुरैश टोळी या तिसऱ्या गटात येते.

चित्र फार नीटनेटकं आहे. शिलालेख वाचायला लागलं की ते विस्कटायला लागतं.

अरब हा शब्द लेखी पुराव्यात पहिल्यांदा भेटतो तो इसवीसनापूर्वी 853 मध्ये. असीरियाचा राजा तिसरा शल्मनेसर आपल्या लढाईचं वर्णन करताना म्हणतो की शत्रूच्या बाजूनं गिंदिबू नावाचा अरब एक हजार उंट घेऊन आला होता. म्हणजे हा उत्तरेतला, सीरियाच्या वाळवंटाकडचा माणूस. आणि ज्यांना वंशावळी 'मूळ अरब' म्हणतात ते सबाचे लोक? त्यांची भाषा वेगळी, लिपी वेगळी, आणि त्यांच्या शिलालेखांत 'अरब' हा शब्द येतो तो आसपासच्या भटक्या टोळ्यांसाठी. ते स्वतःला अरब म्हणवत नव्हते. पुढे अरबी भाषा आणि इस्लाम सगळीकडे पसरल्यावर येमेनी लोकही अरब झाले, आणि मग आपणच सगळ्यात जुने अरब, असा त्यांचा दावा उभा राहिला. वंशावळीनं तो मान्य केला.

समूदचं उदाहरण आणखी बोलकं आहे. परंपरेत हे लोक देवाच्या कोपानं एका क्षणात संपले. प्रत्यक्षात समूदचं नाव इसवीसनापूर्वी 715 मध्ये असीरियाच्या दुसऱ्या सार्गोनच्या लेखात येतं. त्यानं त्यांना हरवलं आणि काहींना उचलून पॅलेस्टाइनमधल्या समारियाला नेऊन वसवलं. झालं, संपले? नाही. जवळजवळ नऊशे वर्षांनी, इसवीसन 166 ते 169 च्या दरम्यान, आजच्या सौदी अरेबियाच्या वायव्येला रुवाफा इथं समूदच्या लोकांनी एक देऊळ बांधलं आणि त्यावर रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस आणि लुशियस व्हेरस यांच्या गौरवाचा लेख कोरला. रोमच्या पदरी असलेली ही सैन्यतुकडी असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे हे लोक अचानक नाहीसे झालेले दिसत नाहीत. ते नोकरीला लागले, इतरांत मिसळले, आणि मग नाव मागे पडलं.

मदाइन सालिह इथली खडकात कोरलेली भव्य थडगी तुम्ही फोटोत पाहिली असतील. 2008 पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. लोकपरंपरा ती समूदची घरं मानते. पण तिथल्या लेखांवरून स्पष्ट दिसतं की ती इसवीसनाच्या पहिल्या शतकातली नबाती लोकांची थडगी आहेत. नबाती म्हणजे पेट्रावाले. त्यांचं राज्य रोमनं इसवीसन 106 मध्ये गिळलं. तेही कुठे 'गेले' नाहीत. त्यांच्या लिपीतूनच पुढे अरबी लिपी घडली. आज जगात कुठेही कुणी अरबी, फारसी, उर्दू लिहितं, ते नबात्यांच्या अक्षरांचं वळण गिरवत असतं. उल्हासनगरच्या कँपात एखाद्या सिंधी आजोबांकडे जुनी सिंधी पुस्तकं असतील, तर त्या अक्षरांचं मूळही तेच.

बरं, वंशावळी खोट्या म्हणायच्या का मग? तसं म्हणून चालणार नाही. वंशावळ हा करार असतो. कोण कुणाच्या बाजूनं लढेल, कुणाचा खून झाला तर भरपाई कोण देईल, कुणाच्या विहिरीवर कुणाचे उंट पाणी पितील, हे सगळं 'आपण एका बापाचे' या वाक्यात बसवलेलं असतं. करार बदलला की बापही बदलतो. कुदाआ नावाच्या टोळ्यांचा एक गट होता. त्यांना कधी उत्तरेच्या, कधी दक्षिणेच्या वंशात धरलं गेलं. 684 मध्ये सीरियात मर्ज राहितची लढाई झाली आणि उमय्या सत्तेत दोन तट कायमचे पडले. त्यानंतर त्यांचं दक्षिणी असणं पक्कं झालं. पणजोबा तेच, पण पणजोबांचे वडील राजकारणानं ठरवले!

हातिमताई, आणि 'ताजिक' हा शब्द

आता आपल्याकडे येऊ. हातिमताई सगळ्यांना माहीत आहे. जितेंद्रचा 1990 चा सिनेमा आठवत असेल. लहानपणी वाटायचं, बाईचं नाव आहे का हे? ताई वगैरे. तर नाही. हातिम अल-ताई म्हणजे तय्य टोळीचा हातिम. सहाव्या शतकात होऊन गेलेला खराखुरा कवी आणि सरदार. त्याच्या औदार्याच्या गोष्टी इतक्या पसरल्या की फारसीतून उर्दूत आणि तिथून आपल्याकडे येईपर्यंत त्यात पऱ्या आणि राक्षस शिरले. त्याचा मुलगा अदी पैगंबरांच्या काळात मुसलमान झाला.

ही तय्य टोळी मूळची येमेनची आणि तिथून उत्तरेला आली, असं परंपरा सांगते. उत्तर अरबस्तानात अजा आणि सल्मा नावाचे दोन डोंगर आहेत, आजच्या हाइल शहराजवळ. तिथं ती स्थिरावली. जागा महत्त्वाची होती. इराण आणि रोम या दोन साम्राज्यांच्या मधली. सीरियाच्या बाजूला सिरियाक भाषा बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांना जे अरब रोज भेटत ते तय्यचे, म्हणून त्यांनी सगळ्याच अरबांना 'तय्याये' म्हणायला सुरुवात केली. इराणी लोकांनी त्याच नावावरून सगळ्या अरबांना 'ताझिक' म्हटलं. शेजाऱ्याच्या एका घराण्याचं नाव सगळ्या गावाला लावण्यासारखं झालं हे.

आणि हाच शब्द संस्कृतात आला: ताजिक.

आपल्या भागातला त्याचा महत्त्वाचा पुरावा नवसारीच्या ताम्रपटात आहे, इसवीसन 739 चा. बदामीच्या चालुक्यांचा एक सरदार, अवनिजनाश्रय पुलकेशी, दक्षिण गुजरातेत होता. सिंध, कच्छ, सौराष्ट्र करत आलेल्या ताजिक सैन्याला त्यानं नवसारीजवळ अडवलं. त्याबद्दल त्याला 'अनिवर्तकनिवर्तयितृ', म्हणजे जे मागे वळत नाहीत त्यांना मागे वळवणारा, अशी पदवी मिळाली.

शब्द मात्र लढाईत अडकून राहिला नाही. ज्योतिषात वर्षफळ काढायची जी पद्धत आहे तिला ताजिक म्हणतात. नीलकंठ पंडितांचा 'ताजिकनीलकंठी' हा 1587 चा ग्रंथ आजही वापरतात. त्यातले इत्थशाल, इक्कबाल, मुंथा, सहम हे शब्द शुद्ध संस्कृत वाटतात, पण ते अरबी आहेत. इत्तिसाल, इक्बाल, मुंतहा, सहम. पंचांग घेऊन बसलेले गुरुजी नकळत हातिमताईच्या टोळीचं नाव घेत असतात! अरबी घोड्याला हिंदी-फारसीत 'ताजी' म्हणतात, तेही इथूनच. आणि मध्य आशियात हा शब्द फिरत फिरत आधी मुसलमानांना, मग फारसी बोलणाऱ्यांना लागला. आजचा ताजिकिस्तान हा देश, जिथली मुख्य भाषा अरबी नाही, त्याचं नावही याच टोळीचं असल्याचं बहुतेक अभ्यासक मानतात.

आणि टोळीचं काय झालं? हाइलच्या परिसरात पुढे शम्मर नावाचा मोठा टोळीसंघ उभा राहिला. त्यांची मुख्य शाखा स्वतःला तय्यचे वंशज म्हणवते. 1921 पर्यंत हाइलवर राज्य करणारं रशीद घराणं शम्मरचं. 2004 मध्ये इराकचे हंगामी राष्ट्राध्यक्ष झालेले गाझी अल-यावर हेही शम्मरचे. नाव बदललं, डोंगर तेच राहिले.

सकीफ टोळी आणि ठाणं

दुसरी टोळी सकीफ. मक्केजवळच्या डोंगरात ताइफ नावाचं थंड हवेचं गाव आहे. द्राक्षं, डाळिंबं, तटबंदी. तिथले हे लोक. आपल्या दृष्टीनं ही टोळी फार महत्त्वाची, कारण अरबी साधनांत ठाण्याचं नाव येतं तेच एका सकीफी माणसामुळे.

बलाझुरी हा नवव्या शतकातला इतिहासकार सांगतो की 636 च्या सुमारास खलिफा उमर यांनी उस्मान इब्न अबी अल-आस या सकीफी सरदाराला बहरीन आणि ओमानचा कारभार दिला. त्यानं खलिफांना न विचारता एक आरमारी तुकडी ठाण्यावर पाठवली. तुकडी परत आली. पण उमर संतापले. माणसं बुडाली असती तर तेवढीच माणसं तुझ्या टोळीतून वसूल केली असती, अशा अर्थाचं त्यांनी कळवलं. यात दोन गोष्टी दिसतात. एक, वाळवंटातल्या राज्यकर्त्यांना समुद्राची धास्ती होती. दोन, माणसं मेली तर हिशोब टोळीशी होणार होता, एकट्या सरदाराशी नाही. वंशावळ म्हणजे करार, हे मघाशी म्हटलं ते असं.

याच सकीफचा हज्जाज इब्न यूसुफ 694 ते 714 इराकचा सुभेदार होता. कर्तबगार आणि तितकाच निर्दय म्हणून प्रसिद्ध. त्याच्याच नात्यातल्या मुहम्मद बिन कासिमनं 711-712 मध्ये सिंध जिंकला. उल्हासनगरमध्ये ज्यांच्या घरी राजा दाहिरची गोष्ट सांगितली जाते, त्या गोष्टीतला शत्रू म्हणजे ताइफच्या या टोळीतला एक तरुण.

गंमत पुढे आहे. हज्जाजला हिणवायला त्याचे विरोधक काय म्हणायचे? तुम्ही सकीफ म्हणजे त्या नष्ट झालेल्या समूदचे उरलेसुरले लोक! तो चिडून म्हणायचा की समूद तर संपले असं कुराणातच आहे. 'तुमचं मूळ काय' हा प्रश्न शिवीसारखा वापरायची रीत जुनी आहे, एवढंच सांगायचं होतं.

संजाणचा मधुमती

आता जी गोष्ट येते ती मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते.

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ चिंचणी आहे. तिथं काही ताम्रपट सापडले. त्यातला एक शके 848 चा, म्हणजे इसवीसन 926 चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यात संजाणच्या मंडलाचा कारभारी म्हणून एकाचं नाव येतं: मधुमती, उपनाव सुगतीप, ताजिक वंशातला. मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत रूप. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण यानं त्याला नेमलं होतं. त्यानं खाडीवर लोकांसाठी फुकट तर सुरू केली, भात, कालवण आणि तूप मिळेल असं अन्नछत्र घातलं, आणि हा ताम्रपट ज्या दानाचा आहे ते दान एका देवीच्या मठिकेला, त्याच्या संमतीनं, दिलेलं आहे.

जरा थांबून बघा. 739 च्या ताम्रपटात ताजिक म्हणजे परतवून लावलेला शत्रू. 926 च्या ताम्रपटात ताजिक म्हणजे राजाचा अधिकारी, देवीच्या मठाला जमीन देण्याच्या व्यवहारात नाव असलेला. दोनशेही वर्षं झाली नव्हती. आणि दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगायची आणि दुसरी झाकायची, असं केलं की इतिहास सोपा होतो, पण तो आपला राहत नाही.

मधुमती एकटा नव्हता. 916-17 मध्ये अल-मसूदी हा प्रवासी सैमूरला, म्हणजे आपल्या रायगडमधल्या चौलला आला. तिथं सुमारे दहा हजार मुसलमान असल्याचं तो लिहितो. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि इथंच जन्मलेले. इथं जन्मलेल्यांना 'बयासिरा' असा वेगळा शब्दही होता. त्यांचे आपसातले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजा नेमत असे, त्याला 'हुनरमन' म्हणत. आणि हा स्थानिक राजा कोण? मसूदी नाव देतो झंझ, म्हणजे शिलाहार घराण्यातला झंझ.

याच शिलाहारांनी पुढे अंबरनाथचं शिवमंदिर बांधलं. तिथला शिलालेख शके 982 चा, म्हणजे 1060 चा, मुम्मुणी राजाचा. त्याचा थोरला भाऊ छित्तराज. छित्तराजाच्या मांडलिकाचा 1034 चा ताम्रपटही चिंचणीलाच सापडला, आणि त्यात संजाणच्या नागरिकांत अल्लीय, महर, मधुमत अशी नावं येतात. अली आणि मुहम्मद ओळखू येतात ना? वालधुनीच्या काठी ते कोरीव मंदिर उभं राहत होतं, त्याच राज्यात, त्याच काळात, हे लोक नागरिक म्हणून ताम्रपटात नोंदले जात होते.

मग ते गेले कुठे?

इथेच. किनाऱ्यावर नवायत आणि कोकणी मुसलमान समाज आहे. हज्जाजच्या जाचाला कंटाळून आपले पूर्वज इराकमधून निघाले, अशी नवायतांची परंपरा आहे. म्हणजे सकीफच्या एका माणसानं कोकणावर स्वारी पाठवली, आणि दुसऱ्याच्या भीतीनं लोक कोकणाच्या आश्रयाला आले. परंपरा आहे, तिला शिलालेखाचा आधार मागायला नको. पण एक खूण पक्की आहे. उत्तर हिंदुस्थानातले बहुतेक सुन्नी हनफी पंथाचे, तर कोकणी मुसलमान शाफई. येमेन, हद्रमौत, केरळ, इंडोनेशिया इथं हाच पंथ. जमिनीच्या वाटेनं आलेल्यांपेक्षा वेगळी, ही समुद्राच्या वाटेची खूण. माहीमच्या दर्ग्यातले मखदूम अली माहीमी, 1431 मध्ये वारलेले मोठे विद्वान, याच नवायत परंपरेतले. आज भिवंडी-कल्याणपासून रत्नागिरीपर्यंत या समाजाची आडनावं गावावरून, शेवटी '-कर' लावलेली सापडतात. टोळीचं नाव गेलं, गावाचं लागलं.

दुसरी लाट खूप उशिराची, येमेनच्या हद्रमौतमधून. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिथले तरुण सैनिक म्हणून दख्खनमध्ये आले. पेशव्यांकडे होते, 1 जानेवारी 1818 ला कोरेगावला होते. त्याच वर्षी मे-जूनमध्ये मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध लढवला तो अरब शिबंदीनं. सगळ्यात जास्त राहिले निजामाकडे. औरंगाबाद, परभणी, नांदेड भागातले चाऊस ते हेच. चाऊस हा तुर्की शब्द, लष्करातला हुद्दा, तो जमातीचं नाव झाला. पण घरात अमूदी, बावझीर अशी हद्रमी कुळनावं टिकली.

यातलाच याफई टोळीचा उमर बिन अवद अल-कुऐती निजामाकडे जमादार होता. त्यानं हैदराबादचा पैसा गावाकडे पाठवला. त्या पैशावर त्याच्या वंशजांनी शिबाम, शिहर, 1881 मध्ये मुकल्ला अशी शहरं घेतली आणि एक सुलतानी उभी केली. ती 1967 पर्यंत टिकली आणि तिथले सुलतान 'जमादार' ही पदवी लावत. दख्खनच्या पगारावर अरबस्तानात राज्य! आणि 1948 मध्ये हैदराबाद भारतात आल्यावर याच समाजातल्या अनेकांना परदेशी ठरवून एडनकडे पाठवण्यात आलं. ज्यांचे आजोबा इथं जन्मले त्यांनाही 'मूळचे कुठले' हे कागदावर सिद्ध करावं लागलं.

शेवटी

तर श्रोत्याच्या प्रश्नाचं उत्तर. टोळ्या आल्या कुठून? प्रत्येक टोळीनं आपलं उत्तर स्वतः रचलं, आणि गरज पडली तसं बदललं. गेल्या कुठे? फार थोड्या मारल्या गेल्या. बाकीच्या दुसऱ्या नावाखाली जगत राहिल्या. काही सैन्यात, काही बंदरात, काही दुसऱ्याच्या भाषेत, काही आपल्या पंचांगात.

पण एक फरक विसरू नका. समूदचं नाव टिकलं कारण कुणीतरी दगडावर कोरलं. मधुमतीचं अन्नछत्र आपल्याला कळलं कारण कुणीतरी तांब्यावर लिहिलं. मारिबच्या मजुरांनी खाल्लेला खजूरसुद्धा नोंदलेला आहे. 1986 मध्ये मारिबला नवं धरण झालं. त्याचा खर्च अबुधाबीच्या शेख झायेद यांनी केला, कारण आपले पूर्वज त्या फुटलेल्या धरणापासून निघाले अशी त्यांच्या घराण्याची श्रद्धा. चौदाशे वर्षांनी!

बारवीच्या पाण्याखाली जे पाडे गेले, त्यांची शेतांची नावं, देवांच्या जागा, कोण कुणाच्या बांधाला लागून होता, हे सांगणारी माणसं आज हयात आहेत. पुनर्वसनाच्या यादीत कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकी काही नसतं. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर फोनवर तासभर रेकॉर्ड करून ठेवा. वंशावळ नको, गावाचा नकाशा विचारा. कुठली वाट कुठे जायची, विहीर कुणाची, होळी कुठे पेटायची. अशी रेकॉर्डिंग आमच्याकडे पाठवलीत तर त्यांचा एक स्वतंत्र भाग करू, त्यांच्याच आवाजात.

आजच्या भागाबद्दल शंका, दुरुस्त्या, भांडणं, सगळं चालेल, जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.